धसका : मनाचा आणि हृदयाचा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. बडोद्यासारख्या गुजरातीभाषक शहरात मराठी माध्यमाची एक शाळा साठ वर्षे अखंड चालते, याचे श्रेय संस्थापकांच्या जिद्दीला, शिक्षकांच्या निष्ठेला आणि आपली मुले विश्वासाने या दारात आणून सोडणाऱ्या तीन पिढ्यांच्या पालकांना आहे. त्या सर्वांना प्रथम वंदन करते.

आजच्या प्रसंगी शाळेच्या वाटचालीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तो आढावा अध्यक्षांच्या भाषणात आला आहे. मी आज निराळा विषय निवडला आहे. स्मरणिकेसाठी जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते जमविताना आमच्या शिक्षिकांना अनेक घरी दूरध्वनी करावे लागले. सत्तरीतले पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी उत्साहाने बोलले. परंतु ज्यांचे वय अजून पन्नाशीच्या आसपासच असायला हवे होते, अशा काही नावांपुढे आम्हांला ‘कै.’ लिहावे लागले. पलीकडून येणारे उत्तर बहुधा सारखेच असे : “अचानक गेला. छातीत दुखले, एवढेच. तसा धडधाकट होता. हल्ली फार ताणात असायचा.” हे शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा कानी आल्यामुळे आजचा विषय ठरला : मनावरील ताण, मनाचे आजार आणि हृदयविकार यांचा परस्परसंबंध.

मी वैद्य नव्हे, मराठीची शिक्षिका आहे. म्हणून आरंभ भाषेपासूनच करते. आपल्याकडे ‘धसका घेणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘हाय खाणे’ असाही आहे. मुलगा गेल्यावर आईने हाय खाल्ली आणि चार महिन्यांत तीही गेली, असे आपण ऐकत आलो. काळजात धस्स होते, ऊर दडपतो, जिवाला घोर लागतो. मनाचे दुःख छातीत जाऊन बसते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. मात्र त्याच भाषेत आपण एक सल्लाही देतो : “मनाला लावून घेऊ नकोस.” हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण त्याने बहुतेक वेळा बोलणेच बंद होते. भाषेने ओळखलेले सत्य आपल्या व्यवहारात का उतरत नाही, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

वैद्यकाच्या इतिहासातही या संबंधाच्या खुणा जुन्या आहेत. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुख, दुःख, आशा आणि भीती यांचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो, असे नमूद केले होते. अठराव्या शतकातील लंडनचे विख्यात शल्यचिकित्सक जॉन हंटर यांना रागावले की छातीत कळ येत असे, आणि आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती आपला प्राण आहे, असे ते म्हणत. १७९३ च्या ऑक्टोबर महिन्यात रुग्णालयाच्या एका बैठकीत त्यांचा वाद झाला, ते खोलीबाहेर पडले आणि कोसळले. देवीच्या लशीमुळे आपल्याला माहीत असलेले एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य. गुरूंच्या हृदयाच्या धमन्या कठीण झाल्या असाव्यात, अशी शंका त्यांना आधीच आली होती. पण गुरूंना धक्का बसेल म्हणून त्यांनी तिची वाच्यता केली नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीत ती शंका खरी ठरली. त्या काळी उपाय नव्हता, त्यामुळे जेन्नर यांचे मौन समजण्यासारखे आहे. आज उपाय असताना आपण मौन धरतो, ते समजणे कठीण आहे.

आता आपल्या काळात येऊ. २००४ मध्ये ‘इंटरहार्ट’ या नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केरळमध्ये जन्मलेले आणि कॅनडात कार्यरत असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ हे त्याचे प्रमुख होते. ५२ देशांतील सुमारे ३०,००० व्यक्तींचा त्यात समावेश होता, आणि त्यांत भारतीयही होते. पहिल्यांदा हृदयविकाराचा झटका आलेल्यांची तुलना झटका न आलेल्या तशाच वयाच्या लोकांशी करण्यात आली. निष्कर्ष असा, की झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका अवघ्या नऊ घटकांतून समजावून सांगता येतो. धूम्रपान, रक्तातील मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव, मद्यपान यांबाबतची स्थिती हे आठ घटक आपल्या परिचयाचे आहेत. नववा घटक मानसिक व सामाजिक होता : कामाचा व घरचा ताण, नैराश्य, आयुष्यातील मोठे आघात आणि परिस्थिती आपल्या हाती नसल्याची भावना. कामाच्या ठिकाणी सततचा ताण असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये झटक्याचे प्रमाण तसा ताण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. याच अभ्यासातून असेही दिसले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे मध्यमानाने वयाच्या ५३ व्या वर्षी येतो. आमच्या यादीतील ‘कै.’ या अक्षरामागे काय दडलेले असू शकते, ते या आकड्यावरून ध्यानात यावे.

ताण मनात असतो आणि धमनी छातीत. मग एकाचा परिणाम दुसरीपर्यंत कसा जातो? संकट दिसताच मेंदू शरीराला सज्ज होण्याचा आदेश देतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत साखर सोडते, आणि जखम झालीच तर रक्त थांबावे म्हणून रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात. समोर वाघ उभा असता तर ही तयारी जीव वाचविणारी ठरली असती. वाघ येतो आणि जातो. कर्जाचा हप्ता, नोकरीची टांगती तलवार, घरातील अबोला आणि मुलाच्या निकालाची चिंता मात्र मुक्कामालाच असतात. आणीबाणीची व्यवस्था रोजची झाली, की रक्तदाब चढलेला राहतो, कॉर्टिसोलचे प्रमाण बिघडते, पोटावर चरबी साठते आणि धमन्यांच्या अस्तराला सूज येते. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी २९३ व्यक्तींच्या मेंदूची आणि धमन्यांची चित्रे तपासली. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. भीती आणि ताण यांच्याशी त्याचा निकटचा संबंध असतो. ज्यांच्यात हा भाग अधिक क्रियाशील होता, त्यांच्या अस्थिमज्जेत सूज वाढविणाऱ्या पेशींची घडामोड अधिक होती, धमन्यांत दाह अधिक होता आणि पुढील काही वर्षांत त्यांना हृदयविकाराचा त्रासही अधिक झाला. मनापासून धमनीपर्यंतची वाट अशी हळूहळू उलगडत आहे.

दुसरी वाट अधिक साधी आहे आणि ती आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. ताणाखालचा माणूस झोपत नाही, फिरायला जाणे सोडतो, तंबाखू किंवा सिगारेट जवळ करतो, वेळी-अवेळी खातो, रक्तदाबाची गोळी विसरतो. शरीराची हानी करणाऱ्या अर्ध्या गोष्टी मन खचल्यावर सुरू होतात.

येथे ताण आणि आजार यांत फरक केला पाहिजे. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड हा ताण आहे. तो ओसरतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टींतला रस संपणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही नैराश्य या आजाराची लक्षणे आहेत. मधुमेहाइतकाच तो खरा आजार आहे. हृदयविकाराशी त्याचे नाते दुहेरी आहे : नैराश्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हृदयविकारानंतर नैराश्य येते. झटका येऊन गेलेल्या दर पाचांपैकी सुमारे एकाला तीव्र नैराश्य येते. मॉन्ट्रियल येथील नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यानंतर ज्यांना तीव्र नैराश्य आले, त्यांचा पुढील सहा महिन्यांतील मृत्यूचा धोका, हृदयाची मूळ हानी जमेस धरूनही, इतरांच्या सुमारे चौपट होता. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने तीव्र हृदयविकारानंतरच्या नैराश्याला धोक्याचा घटक मानण्याची शिफारस केली.

आपल्याच शाळेतील एक उदाहरण, ओळख पटणार नाही इतपत बदलून, सांगते. नववीतील एक चुणचुणीत मुलगी काही आठवड्यांत अगदी गप्प झाली. वर्गशिक्षिकेने जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले की वडिलांची अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली आहे. सारे अहवाल उत्तम होते. नातेवाईक पेढे घेऊन भेटून गेले होते. परंतु वडील दिवसभर खिडकीपाशी बसून राहात, संध्याकाळचे फिरणे त्यांनी सोडले होते, औषधे आठवण केल्याखेरीज घेत नव्हते. घरचे म्हणत, “आजारपणाचा शीण आहे, जाईल हळूहळू.” आम्ही आईला बोलावले आणि पुढच्या तपासणीत ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालण्यास सुचविले. एरवी रक्तदाब आणि साखर यांचेच आकडे सांगणाऱ्या त्या माउलीने प्रथमच सांगितले, “हे हसत नाहीत.” त्या तीन शब्दांवरून पुढचे उपचार सुरू झाले. गृहस्थ पुन्हा कामावर रुजू झाले आणि मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे बोलणे अगत्याचे आहे. जपानमध्ये १९९० साली हिकारू सातो यांनी हृदयाच्या एका विचित्र विकाराचे वर्णन केले. प्रिय व्यक्तीचा मृत्यू, अपघात, भीती अशा आघातानंतर हृदयाची डावी बाजू एकाएकी फुग्यासारखी फुगते आणि तेथील कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी वापरतात त्या मडक्यासारखी दिसू लागते. म्हणून त्या मडक्याचेच ‘ताकोत्सुबो’ हे नाव या विकाराला मिळाले. लक्षणे थेट झटक्याची असतात, पण धमनीत त्याला कारणीभूत ठरेल असा अडथळा सापडत नाही. हा विकार होणाऱ्यांत सुमारे नव्वद टक्के स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या. सुदैवाने बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, तरी क्वचित प्राणावरही बेतते. आपल्या आज्यांनी ज्याला ‘धसका’ म्हटले, त्याचे एक रूप आता यंत्राच्या पडद्यावर दिसू लागले आहे.

परंतु येथेच एक धोका आहे. “टेन्शन घेतलेस म्हणून दुखते,” असे म्हणून बाईचे छातीचे दुखणे उडवून लावण्याची रीत आपल्या घरांत आहे. ताण आणि हृदय यांचा संबंध कळला म्हणजे प्रत्येक दुखणे मनाचे ठरवावे, असे मुळीच नाही. छातीवर दाब, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, आणि विशेषतः स्त्रियांमध्ये मळमळ किंवा अकारण आलेला विलक्षण थकवा जाणवला, तर गॅस की टेन्शन हा वाद घरात घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निदान रुग्णालयात होऊ द्यावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांच्यासाठी इंग्लंडमधील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. १९६७ पासून लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट यांच्या नावाशी ती जोडली गेली आहे. साहेबांचे हृदय जास्त ताणाखाली असेल, असा सर्वसाधारण समज होता. आढळले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते, आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे वजा करूनही फरक बराचसा उरत होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या पाहणीत असे दिसले, की आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार अधिक. म्हणजे काम किती आहे, याबरोबरच त्यात आपले म्हणणे किती चालते, हेही हृदयाला कळते. तुमच्या हाताखाली माणसे काम करीत असतील, तर त्यांना थोडा अधिकार, थोडी पूर्वसूचना आणि सन्मानाचा शब्द देणे हे त्यांच्या प्रकृतीचेही काम आहे. हाच नियम घरालाही लागू आहे. ज्या घरात सुनेला काय शिजवायचे आणि मुलाला काय शिकायचे, हे ठरविता येत नाही, त्या घरात ताण वेगळा निर्माण करावा लागत नाही.

उपचारांविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. झटक्यानंतरच्या नैराश्यावरील औषधांचा आणि समुपदेशनाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला आहे. सरट्रॅलिन हे औषध हृदयरुग्णांना सुरक्षितपणे देता येते, असे २००२ मध्ये सिद्ध झाले. २००३ मधील मोठ्या अमेरिकन चाचणीत समुपदेशनाने नैराश्य आणि एकाकीपण कमी झाले, पण पुढील झटके व मृत्यू यांची संख्या घटली नाही. आपल्याच देशातील २४ रुग्णालयांत सुमारे ४,००० रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यातही झटके निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. म्हणून कोणी “प्राणायाम करा आणि गोळ्या सोडा” असे सांगितले, तर ऐकू नका. पण माणूस पुन्हा हसू लागला, पुन्हा कामाला लागला, औषधे वेळेवर घेऊ लागला, हे फळ लहान समजू नका. द्विध्रुवीय विकारासारख्या गंभीर मानसिक आजारांत तर हृदयविकार हे अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्यावरील काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. त्यासाठी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासण्या करून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट. “तू ताण घेतलास म्हणून तुला झटका आला,” असे रुग्णाला कधीही म्हणू नये. हृदयविकार अनेक कारणांनी होतो, त्यांतील काही जन्मजात असतात. आजारी माणसाच्या खांद्यावर अपराधाचे ओझे ठेवणे हाही एक ताणच आहे.

मग आपण काय करावे? पालकांना माझी विनंती आहे, की मुलांच्या गुणपत्रिकेइतकेच लक्ष स्वतःच्या प्रकृतिपत्रिकेकडे द्यावे. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि मेद यांची तपासणी करताना डॉक्टरांना आपली झोप आणि आपली मनःस्थितीही सांगावी. घरात कोणाला हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर वापरतात तसे दोन साधे प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटत होते का? नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर उपदेश करू नये, तज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते.

माजी विद्यार्थ्यांना एक निराळी विनंती आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्यात, बंगळुरूत, परदेशात आहात, आणि तुमचे आईवडील दांडिया बाजारातल्या किंवा नव्या वसाहतींतल्या घरांत एकटे आहेत. त्यांच्याकडे पैसा आहे, औषधे आहेत, दाराशी डॉक्टर आहेत. बोलायला माणूस नाही. एकाकीपणाचा संबंध हृदयविकाराशी असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. दूरध्वनीवर “गोळी घेतली का?” एवढे विचारून थांबू नका. “आज कोणाशी बोललात?” असेही विचारा. जे विद्यार्थी याच शहरात आहेत, त्यांनी दूर गेलेल्या आपल्या वर्गमित्राच्या आईवडिलांच्या घरी महिन्यातून एकदा चहाला जावे. शाळेने तुम्हांला एका बाकावर बसविले होते. ते नाते येथे उपयोगी पडेल.

शाळा म्हणून आम्हीही आमचा वाटा उचलणार आहोत. येत्या शैक्षणिक वर्षापासून पालक-शिक्षक सभेत वर्षातून एकदा गुणांविषयी काहीही न बोलता केवळ पालकांच्या आणि मुलांच्या आरोग्याविषयी, त्यात मनाच्या आरोग्याविषयीही, बोलण्याचे आम्ही ठरविले आहे. शहरातील डॉक्टर असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या सभांना यावे, असे त्यांना येथूनच आमंत्रण देते. बाहेर नावनोंदणीची वही ठेवली आहे.

मराठी टिकविण्यासाठी आपण साठ वर्षे धडपडलो. ज्या भाषेत आपण परस्परांचे क्षेमकुशल विचारतो, त्याच भाषेत परस्परांच्या मनाचे दुखणेही विचारता यावे आणि सांगता यावे, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षात माझी प्रार्थना आहे. आपणां सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.